घरचा जुना ट्रॅक्टर गळतोय? आधी ब्रीदर बघा

आजोबांचा ट्रॅक्टर चिखलणीआधी पुन्हा चालू करताय? आधी डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, स्टार्टर मारू नका.

गळतं म्हणून लगेच सील बदलू नका. ब्रीदर तुंबला की इंजिनात दाब वाढतो, मग नवं सीलही गळतं. तो साफ करा. थंड इंजिन पुसून कोरडं करा, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा, दहा मिनिटं चालवा. ऑइल खाली ओघळतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला डाग शोधा.

हायड्रॉलिक पाइपवर मात्र हात फिरवू नका, लांबून पुठ्ठा धरा. बारीक धार कातडीत घुसते; दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठा.

काळं ऑइल बावखलाच्या काठी नको, डब्यात भरून गॅरेजला द्या.