तान्हे बाळ आणि लोकनाट्याचा दौरा

प्रश्न : मी लोकनाट्यात काम करते. बाळ सात महिन्यांचे आहे. दौऱ्यासाठी अंगावरचे दूध तोडावे लागेल का? – एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : दूध तोडण्याची गरज नाही. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले, तरी स्तनपान दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर बाळंत होऊन लगेच पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हे कौतुकाने सांगितले जाते; ती परिस्थितीची सक्ती होती, आदर्श नव्हे. प्रयोगाआधी बाळाला पाजावे. काढलेले दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते लगेच बर्फाच्या डब्यात ठेवावे. बाळाजवळ आजी किंवा सवयीचे माणूस हवेच. लाउडस्पीकरपासून त्याला लांब ठेवावे. बाळाला ताप असेल, तर प्रयोग बदली कलावंताकडे द्यावा.