उपग्रहाचा ठिपका आणि गुंठ्याची हद्द

वसई तालुक्यातील बोळिंज येथे म्हाडाच्या गृहसंकुलाच्या उंच इमारती उभ्या आहेत. अशा इमारतींजवळून भ्रमणध्वनीवरील नकाशा पाहत चालणारा माणूस रस्त्यावर असतो, ठिपका मात्र कधीकधी शेजारच्या इमारतीत शिरलेला दिसतो. असे का व्हावे?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संदेश पाठवीत असतात. संदेशास लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचे अंतर काढले जाते व किमान चार उपग्रहांवरून आपले स्थान निश्चित होते. सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतर ३ मीटरने चुकते. भिंतीवर आपटून वळशाने आलेला संदेश तर याहून अधिक फसवितो. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन बहुधा ५ मीटरच्या आसपास अचूक असतो. इमारतींच्या दाटीत ही चूक कित्येक पटींनी वाढते. मे २००० पूर्वी अमेरिकेने नागरी वापराच्या संदेशांत हेतुपुरस्सर दोष ठेवला होता, तेव्हा ती १०० मीटरपर्यंत जात असे.

घर शोधणाऱ्यास ५ मीटर म्हणजे काहीच नाही. अर्नाळ्याच्या मच्छीमारास समुद्रातून किनाऱ्याची दिशा धरतानाही तेवढी चूक जाचत नाही. परंतु चौकोनी गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे जेमतेम १० मीटर! फोनची चूक त्याच्या निम्मी. जमिनीस सोन्याचे मोल आलेल्या या भागात, अशा ठिपक्यावर विसंबून वाडीला कुंपण घालणे म्हणजे शेजाऱ्याशी दावा ओढवून घेणे होय.

मोजणीची रीत निराळी आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने अचूक स्थान ठाऊक असलेल्या जागी कायमची संदर्भ केंद्रे बसविली आहेत. तेथे मिळणाऱ्या संदेशांतील चूक क्षणोक्षणी कळते आणि ती दुरुस्ती भूकरमापकाच्या हातातील 'रोव्हर' यंत्रास पोहोचविली जाते. त्यामुळे काही सेंटीमीटरपर्यंत अचूकता साधते. तरीही दाट झाडांखाली रोव्हरही अडखळतो. शिवाय यंत्र सांगते ते बिंदूचे आजचे स्थान. हद्द कोणती, हे अभिलेखातील नकाशाच सांगतो, आणि जुने नकाशे साखळीने मोजून काढलेले आहेत. या दोहोंचा मेळ घालणे हे भूकरमापकाचेच काम.

यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो. लगतच्या खातेदारांना तारखेची नोटीस दिली जाते. त्यांनी त्या दिवशी जागेवर अवश्य हजर राहावे.