गप्प की शांत?



विदर्भात जूनअखेर शाळा उघडतात आणि घरोघरी लहानग्यांची रडारड सुरू होते. धास्तावलेल्या मुलाला त्या क्षणी उपदेश कळत नाही. आपण आधी त्याला जवळ घ्यावे, स्वतःचा आवाज खाली आणावा, मग "भीती वाटली ना?" असे विचारावे. भावनेला नाव मिळाले की ती आवरणे सोपे जाते.

१९३९ साली भारतात आलेल्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मौनाचा खेळ आहे. सारी मुले स्तब्ध बसतात. हळूच पुकारलेले आपले नाव ऐकून एकेक जण आवाज न करता उठतो. संयम असा खेळातून अंगी मुरतो. हा खेळ आपण रोज दोन मिनिटे घरी खेळू या. माराने मूल गप्प होते, शांत होत नाही.