चुकलेली पाळी आणि एका बाजूची पोटदुखी

मूल नऊ मास जेथें वाढावयाचें तें स्थान गर्भाशय होय. परंतु शंभर गर्भधारणांतून एक-दोन अशा निघतात कीं, त्यांत गर्भ गर्भाशयापर्यंत पोहोंचतच नाहीं, वाटेंतच रुजतो. हिला डॉक्टर अस्थानी गर्भधारणा म्हणतात, आणि दहांपैकीं नऊंहून अधिक वेळां तें ठिकाण गर्भनलिका असतें. नलिका पातळ; गर्भाशयासारखी ती ताणत नाहीं. म्हणून बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटते व रक्त पोटांत सांडूं लागतें. बाहेर डागापुरतेंच दिसतें, आणि तेथेंच घरच्यांची फसगत होते.

ज्या बाईच्या नलिकांना पूर्वीं सूज येऊन गेली, जिला जननेंद्रियांचा क्षय झाला होता, किंवा जिला हा प्रकार एकदां झाला आहे, तिला धोका अधिक. तांबी बसविलेली किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली बाई सहसा गरोदर राहत नाहीं. पण राहिलीच तर गर्भ नलिकेंत असण्याचा संभव मोठा. "हिचें ऑपरेशन झालें आहे, दिवस कसे राहतील?" असें म्हणून जी चौकशी टाळली जाते ती ह्यामुळेंच घातक. शिवाय सुमारें निम्म्या रोगिणींत ह्यांपैकीं एकही कारण सांपडत नाहीं.

ह्या रोगाचें निदान यंत्रानें होण्यापूर्वीं एका प्रश्नानें होतें: पाळी केव्हां आली होती, आणि ती नेहमीसारखी होती काय? सासू-दीर भोंवतीं उभे असतां सून ह्याचें खरें उत्तर देत नाहीं. विधवा व अविवाहित मुलगी तर नाहींच नाहीं. म्हणून बाकीच्यांना बाहेर पाठवून एखाद्या विश्वासू बाईनें तो विचारावा. पाळी लांबली, ओटीपोटांत बहुधा एका बाजूस दुखतें, थोडें रक्त जातें, एवढें जुळलें कीं त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. त्यांत घेरी आली, अंग गार पडलें, किंवा खांद्याच्या टोकाशीं दुखूं लागलें तर घटकाभरही थांबूं नये. खांद्याचें दुखणें ऐकून लोकांस नवल वाटतें. पण पोटांत सांडलेलें रक्त छातीखालच्या पडद्यास डिवचतें आणि ती कळ खांद्यांत उमटते. अशा वेळीं पोट शेकणें, चोळणें, काढा पाजणें म्हणजे वेळ दवडणें. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, वाटेंत कांहीं खाऊं-पिऊं घालूं नये, आणि रक्त देऊं शकतील असे दोघे सोबत न्यावे.

लघवीच्या तपासणीची पट्टी आशा कार्यकर्तीजवळ मिळते. ती गर्भ आहे एवढेंच सांगते, कोठें आहे तें नाहीं. तें सोनोग्राफीनें समजतें. गर्भ अगदीं लहान असल्यास एचसीजी नांवाच्या द्रव्याचें रक्तांतील प्रमाण दोन-दोन दिवसांनीं मोजितात. निरोगी गर्भांत तें आरंभीं भराभर वाढतें, अस्थानीं असल्यास बहुधा रेंगाळतें. गर्भपाताच्या गोळ्या दुकानांतून आणून घेण्याची चाल वाढली आहे, ती येथें जीवावर बेतते. त्या गोळ्यांनीं नलिकेंतील गर्भ जात नाहीं. रक्त मात्र जातें, आणि काम झालें अशी समजूत होऊन बाई घरींच राहते.

नलिका फुटली असल्यास शस्त्रक्रियेवांचून उपाय नाहीं. बर्मिंगहॅमचे शस्त्रवैद्य लॉसन टेट ह्यांना १८८१ सालीं एका डॉक्टरानें अशी रोगीण दाखवून नलिका काढण्याचें सुचविलें. त्यांना तें साहस वाटलें. त्यांनीं नाकारलें, आणि बाई मेली. शवचिकित्सेंत दिसलें कीं नलिका बांधून काढणें सोपें होतें. १८८३ सालीं त्यांनीं पहिली शस्त्रक्रिया केली. ती रोगीणही दगावली. त्याच सालीं दुसरी वाचली, आणि पुढें बहुतेक वाचत गेल्या. आज पुष्कळ ठिकाणीं हेंच काम दुर्बिणीनें होतें.

नलिका फुटण्यापूर्वीं निदान झालें, एचसीजी फार चढलेलें नसलें व गर्भाचे ठोके दिसत नसले तर मेथोट्रेक्सेटचें इंजेक्शन पुरतें. परंतु चौथ्या व सातव्या दिवशीं रक्त तपासावें लागतें, व पुढेंही तें द्रव्य नाहींसें होईपर्यंत. ज्या बाईस गांवाहून परत येणें जमणार नाहीं तिनें तें आधींच सांगावें; आमच्या मतें तिला शस्त्रक्रियाच बरी. इंजेक्शननंतर डॉक्टर सांगतील तोंवर फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद ठेवाव्या, आणि निदान तीन महिने दिवस जाऊं देऊं नयेत.

हा गर्भ उचलून गर्भाशयांत ठेवतां येणार नाहीं काय, असें मातापिता कळवळून विचारतात. येत नाहीं. तो गर्भ वाचविण्याचा मार्ग आजही कोणाजवळ नाहीं. वाचवितां येते ती आई. तिनें जड उचललें किंवा उपास केला म्हणून हें झालें असा बोल तिला लावूं नये, कारण तो खोटा आहे. एक नलिका गेली तरी दुसरी निरोगी असल्यास पुढें मूल होऊं शकतें. मात्र सुमारें दहांतून एकीला हेंच पुन्हां होतें. म्हणून पुढील खेपेस पाळी चुकतांच दवाखान्यांत कळवावें, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यांत सोनोग्राफी करून गर्भ जागेवर असल्याची खात्री करून घ्यावी.