नदी घडवणारे प्राणी



नदीचा पाठ आला की आपण खनन, वहन, संचयन हे तीन शब्द फळ्यावर लिहितो. हे काम कोण करतं? वाहतं पाणी. मुलंही तेच पाठ करतात. पण नदीतले प्राणीसुद्धा माती, वाळू, गोटे हलवतात, आणि कधीकधी चांगलेच हलवतात. पाठ शिकवताना हे जोडून घ्यायला हवं.

सुरुवात सॅमन माशापासून करा. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो मासा वेगळा. हे आधीच सांगून टाका.) कॅनडाच्या पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात हे मासे अंडी घालायला समुद्रातून नदीत येतात, प्रवाहाच्या उलटे चढत. मादी आडवी होऊन शेपटीचे फटके मारते, तळातले गोटे उडतात, खड्डा पडतो. त्यात अंडी घातली की ती थोडी वरच्या अंगाला सरकते आणि पुन्हा फटके मारते. सुटलेले गोटे प्रवाहाबरोबर येऊन अंडी झाकतात. बारीक माती मात्र पुढे वाहून जाते. एका माशाचं काम ते केवढंसं! पण एकाच ओढ्यात अशा शेकडो-हजारो माद्या आल्या तर? तिथल्या काही ओढ्यांत वर्षभरात तळावरून सरकणाऱ्या वाळूगोट्यांपैकी जवळपास निम्मे या माशांमुळे सरकतात, असं संशोधकांना मोजणीत आढळलंय.

बीव्हरचं काम याच्या उलट. तो झाडं कुरतडून पाडतो, फांद्या आणि चिखलाचा बांध घालतो. पाणी संथ झालं की गाळ मागे बसतो. संचयनाला याहून सोपं उदाहरण नाही.

आता सिग्नल क्रेफिश. दिसायला झिंग्यासारखा, पण नांग्या खेकड्यासारख्या. 1970 च्या दशकात तो पाळण्यासाठी ब्रिटनमध्ये आणला, आणि मग निसटून नद्यांत पसरला. तो काठात बिळं करतो, काठ ढासळतो. रात्री तळ उकरत फिरतो, त्यामुळे पाऊस नसतानाही तिथलं पाणी रात्री जास्त गढूळ होतं.

इथे एखादं मूल हमखास विचारणार, मग आपले खेकडे? भातखाचराच्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलं की पाणी निसटतं, हे कोकणात कुणालाही विचारा. आणि मग मोठ्या माणसांना तिवरे आठवणारच. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. लोक हसले, चिडलेही. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्याच्या बातम्या होत्या. हा विषय वर्गात निघाला तर टाळू नका. खेकडा माती पोखरतो हे खरं. पण धरण त्यानंच फोडलं, हे त्यावरून ठरत नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत आणि चौथी-पाचवीच्या मुलांना हा फरक नीट कळतो.

त्यासाठी एक प्रयोग. ट्रेमध्ये ओल्या मातीचा आडवा बांध घाला, एका बाजूला पाणी भरा. पेन्सिलीनं बांधाला आरपार बारीक भोक पाडा. पाणी आधी थेंब थेंब येतं, मग भोक रुंदावतं आणि गढूळ धार लागते. दुसऱ्या खेपेला तसंच भोक पाडा, पण थेंब दिसताच एका मुलाला चिकणमातीचा गोळा लावायला सांगा. दोन्ही वेळा खाली साचलेलं पाणी दोन ग्लासांत भरून ठेवा. पुढचं मुलं बोलतील.