वॉरंटला मुदत नसते

“साहेब, बारा वर्षं झाली. आता ते वॉरंट बाद झालं असेल ना?” तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकला, त्याची गणती नाही. या गैरसमजापायी घरंच्या घरं हवालदिल झालेली पाहिलीत, म्हणून हे लिहितोय.

१. वॉरंट आपोआप बाद होत नाही. काढणाऱ्या कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते कायम राहतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ७० होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ७२ आहे. आकडा बदलला, नियम तोच.

२. पैसे फेडले म्हणजे केस मिटली, असं नव्हे. माझ्या एका अशिलाने बाउन्स झालेल्या चेकचे चाळीस हजार रोख देऊन टाकले. समोरच्याने केस काढून घेतली का, हे बघितलंच नाही. पुढे तो कामासाठी पुण्याला गेला, तारखा चुकल्या, पकड वॉरंट निघालं. नऊ वर्षांनी, शनिवारी संध्याकाळी, मुलीच्या हळदीत हवालदार दारात उभे! हाताची हळदसुद्धा धुवू न देता नेलं. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत कोर्टापुढे उभं करावंच लागतं, म्हणून रविवारी सुट्टीच्या कोर्टात नेलं. जामीन मिळाला. पण मांडवात अक्षता पडत होत्या, तेव्हा बाप कोर्टाच्या आवारात जामीनदाराची वाट बघत होता.

३. स्वतःहून हजर व्हा. वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या, गैरहजेरीचं खरं कारण सांगा, दवाखान्याचे कागद असतील तर जोडा. आपल्या पायांनी आलेल्या माणसाला कोर्ट बहुतेकदा सांभाळून घेतं. लपून राहिलात तर फरारी घोषित होऊन मालमत्ता जप्तीपर्यंत पाळी येते.

४. रद्द झाल्याच्या हुकमाची नक्कल जवळ ठेवा. मुंबईत १५ ऑगस्ट २००२ रोजी एका वकिलालाच रद्द झालेल्या वॉरंटवर अटक झाली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये वॉरंटांच्या नोंदवहीबाबत निर्देश निघाले.

५. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने केस फुकट शोधता येते. घरात कुणाची जुनी केस असेल, तर आज रात्रीच नाव टाकून बघा.