चुन्याची भिंत आणि सळईचा खांब

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केलाच असेल. निवळीतील कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या संयोगाने कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. नेमकी हीच क्रिया कल्याण-डोंबिवलीतील घरांच्या भिंतींत आणि खांबांत वर्षानुवर्षे सावकाश चालू असते. गंमत अशी, की एका जातीच्या घराला ती बळकटी देते आणि दुसऱ्या जातीच्या घराला आतून पोखरते.

ही दोन जातींची घरे आपल्याकडे आली कशी? मुंबईची आगगाडी १८५४ साली कल्याणला पोचली आणि १८८७ मध्ये डोंबिवली स्थानक झाले. पण खरी वस्ती फुगली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. मुंबईत जागा मिळेना. लोकल गाड्या विजेवर धावत होत्या. तेव्हा नोकरदार मंडळी बिऱ्हाडे घेऊन इकडे सरकली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय झाली, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याच सुमारास, १९४७ ते १९५१ या काळात, न्यूयॉर्कजवळच्या लेविटाऊनमध्ये सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली. अमेरिकेतील त्या पिढीची बैठी, ऐसपैस 'रँच' धाटणीची घरे आज तिकडे हौसेने जपली जातात. आपली त्या पिढीची घरे म्हणजे कौलारू बैठी घरे, एकमजली बंगल्या आणि चाळी. डोंबिवलीच्या रामनगरात किंवा कल्याणच्या पारनाक्याकडे फिरलात, तर टोलेजंग इमारतींच्या मधे एखादे असे घर अजून दृष्टीस पडेल.

या जुन्या घरांत सारा भार भिंती पेलतात. गवंडी त्यांना 'लोडबेअरिंग' म्हणतात. वीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला सोसत नाही. म्हणून भिंती जाड आणि खिडक्या अरुंद ठेवीत. विटांच्या सांध्यांत पुष्कळ ठिकाणी चुना असे. हा चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू चुनखडीसारखा घट्ट होतो. म्हणजे तुमच्या परीक्षानळीतील क्रिया येथे भिंतीची मैत्रीण आहे! शिवाय चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडू शकते. पुढे दुरुस्तीच्या नावाखाली अशा भिंतीवर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की ती ओल आत कोंडते. जुन्या घरावर केलेले असले उपचार मला आजारापेक्षा वाईट वाटतात.

नंतर आर. सी. सी.चे, म्हणजे सलोह काँक्रीटचे युग आले. काँक्रीटही दाब सोसते व ताणात दुबळे पडते, म्हणून ताणाचे काम पोलादी सळईकडे सोपवले. ताज्या काँक्रीटचे पी.एच. मूल्य १२ च्या वर असते. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तिचे गंजण्यापासून रक्षण करतो. आता हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो, चुना वापरून टाकतो, आणि पी.एच. ९ च्या आसपास येते. संरक्षक थर नाहीसा होतो. मग पाणी आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. तो आतून रेटा देतो, वरचे काँक्रीट फुटते आणि पोपडे पडतात.

हा वायू किती वेगाने आत जातो? त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, पहिल्या वर्षी तो ४ मिलिमीटर आत गेला. मग चार वर्षांत ८, नऊ वर्षांत १२ मिलिमीटर. सळईवर ४० मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन असेल, तर तेथे पोचायला शंभर वर्षे लागतील. २५ असेल तर सुमारे ३९. आणि घाईत १२ मिलिमीटरच ठेवले असेल, तर अवघी नऊ! आच्छादन निम्मे केले की मुदत पाव होते. येथे ४ हा आकडा सोयीसाठी घेतला आहे. काँक्रीट सच्छिद्र असेल तर तो मोठा असतो. सिमेंट कमी, पाणी जास्त, खाडीची रेती न धुता वापरलेली, अशा कामात हेच घडते. रेतीतील मिठाचे क्लोराइड तर पी.एच. उतरण्याची वाटही पाहत नाही; ते संरक्षक थराला थेट भोके पाडते. १९८२ पर्यंत सिमेंटवर पूर्ण सरकारी नियंत्रण होते आणि ते सहज मिळत नसे, हेही ध्यानात ठेवा.

म्हणून घराचे वय विचारून त्याची प्रकृती कळत नाही. २०१५ च्या जुलैअखेरीस ठाकुर्लीत इमारत कोसळून नऊ माणसे गेली, ती इमारत जुनी होती. पण २०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याजवळ कोसळलेली, ७४ जणांचे प्राण घेणारी इमारत तर अजून बांधली जात होती! उल्हासनगरला २०२१ च्या मे महिन्यात वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्यांवर आदळत तळापर्यंत आला, ती इमारतही पंचवीस-तीस वर्षांचीच.

मग बैठी घरे का पाडली जातात? बहुधा भौतिकशास्त्रामुळे नव्हे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, त्या भाड्यात मालकाला कौले बदलणेही परवडेना. आणि जमिनीचा भाव घराच्या कितीतरी पट झाला. काही घरे खरोखरच संपलेली असतात: वाळवीने वासे खाल्लेले, पिंपळाने भिंत फोडलेली. ती उतरवलीच पाहिजेत. पण 'जुने म्हणजे धोकादायक' एवढ्याच कारणावर चांगल्या भिंतीचे घर पाडणे आणि गंजलेल्या स्लॅबखाली निर्धास्त झोपणे, या दोन्ही चुका आपण एकाच गावात करीत आहोत. आमच्या ओळखीच्या एका घरात गळक्या स्लॅबखाली सुंदर फॉल्स सीलिंग बसवले आहे. पोपडे आता दिसत नाहीत, एवढाच त्याचा लाभ.

तुम्ही राहता त्या घराकडे जरा नीट पाहा. गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा असतील, तर त्या बहुधा गिलावा आकसल्याच्या असतात. विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरपी भेग जात असेल, तर पाया एका बाजूला खचला असण्याचा संभव असतो. खांबावर उभी, सळईच्या रेषेत जाणारी भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग, हे गंजाचे लक्षण होय. ही शेवटची दिसली, तर त्याच दिवशी मोठ्यांना दाखवा. स्वतः ठोकून पाहू नका. तीस वर्षे झालेल्या इमारतीची तज्ज्ञ अभियंत्याकडून संरचना तपासणी करून घेणे आपल्या महापालिकांच्या कायद्याने बंधनकारक आहे. त्या वेळी अभियंता काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडील, तेव्हा जवळ उभे राहून पाहण्याची परवानगी मागा. जेथे रंग गुलाबी होईल, तेथील काँक्रीट अजून सळईला जपते आहे. कडेपासून आत किती मिलिमीटर बिनरंगी राहते ते मोजा, इमारतीचे वय विचारा, आणि वर्गमुळाचे गणित करून तुमच्या घरासाठी ४ च्या जागी कोणता आकडा येतो ते काढा.